मधुसूदनरावांनी वाचून दिलेला करार

मधुसूदन खरवंडीकर हा माणूस औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचतो. खोकल्याचं औषध आणलं की आधी तो घडीचा कागद उलगडायचा, चष्मा कपाळावरून खाली ओढायचा, खोकत खोकत सगळे दुष्परिणाम वाचून काढायचे आणि मगच चमचा तोंडात. सरोजवहिनी म्हणतात, बरं झालं लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी काही लेखी दिलं नाही, नाहीतर यांनी दोन-चार कलमं खोडून घेतली असती. वहिनी हे हसत म्हणायच्या. हल्ली म्हणत नाहीत.

मी त्यांची शेजारीण, दीप्ती. लखनौच्या महानगर भागात आमची घरं एका गल्लीत आहेत, मध्ये फक्त एका डॉक्टरांचा बंगला. माझे यजमान चंद्रहास आणि मधुसूदनराव पत्ते खेळायचे. चंद्रहास गेल्यावर पत्ते थांबले, पण चहा चालू राहिला. मी इथल्या एका संशोधन संस्थेत होते आणि सव्वीस वर्षं गोमती नदीतल्या शेवाळावर काम केलं. आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत आणि दोघांनाही वाटतं की आपण लोकांच्या उपयोगी पडतो. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाटत होतं.

मधुसूदनराव मूळचे नगर जिल्ह्यातले. पंच्याऐंशी साली बँकेत अधिकारी म्हणून लखनौला आले. चारबाग स्टेशनवर उतरले तेव्हा हमालाने सांगितलेले पैसे मुकाट्याने दिले, आणि त्यानंतर आयुष्यात कुणाला मुकाट्याने काही दिलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. सीतापूर, बाराबंकी, परत लखनौ, अशा बदल्या झाल्या, पण खातं तेच राहिलं: कर्जाची कागदपत्रं. दुकानवाले, डेअरीवाले, चौक भागातले चिकन भरतकामाच्या कपड्यांचे छोटे कारखानदार समोर येऊन बसायचे. चाळीस पानांचा गठ्ठा इंग्रजीत. मधुसूदनराव आदल्या दिवशीच पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवायचे, म्हणजे सही कुठे करायची हे कुणाला विचारावं लागू नये. तारखेची जागा कोरी, काही रकाने कोरे. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "वो दफ़्तर भर लेगा," म्हणजे ऑफिस भरून घेईल. चौतीस वर्षं हे एक वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. यात लबाडी नव्हती, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. फाइल अडकू नये एवढाच हेतू असायचा आणि सगळ्या शाखांत तसंच चालायचं.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना त्याच कलमांचा अचानक राग यायला लागला. जी कलमं त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यात घातली ती आता ते लाल पेनाने खोडायला निघाले. महाराष्ट्र मंडळाने गणपतीसाठी हॉल घेतला तेव्हा अनामत बुडवण्याचं कलम त्यांनी काढून टाकायला लावलं. कुणाच्या जावयाने फ्लॅट घेतला तर बिल्डरकडून ताबा देण्याची तारीख लिहून घेतली. मंडळात लोक त्यांना आदराने खुर्ची देऊ लागले. बँकेत त्यांचं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं, त्यामुळे ही खुर्ची त्यांना फार आवडली. मी त्यांना चिडवायचे, मधुभाऊ, आता पापक्षालन चाललंय का? ते म्हणायचे, "दीप्तीताई, चोराच्या वाटा ज्याला माहीत, त्यानेच पहारा करायचा असतो." मला ते तेव्हा फार खरं वाटायचं.

आता बैजनाथबद्दल. बैजनाथ निषाद नावाडी. चौकाच्या मागे नदीवर जो छोटा घाट आहे, तिथे त्याच्या आजोबांपासून त्यांची नाव पायऱ्यांना बांधलेली. माझ्या सव्वीस वर्षांतली पाण्याची बाटलीन् बाटली त्याच्या नावेतून भरलेली आहे. मार्चमध्ये पाणी कुठे हिरवं होतं, कुठे उन्हात तवंग येतो, हे मला यंत्राने कळायच्या आधी त्याला वल्ह्याने कळायचं. माझ्या एकाही शोधनिबंधात त्याचं नाव नाही. तेव्हा तसं कुणी टाकत नसे, आणि मलाही ते सुचलं नाही.

त्याच्यासकट घाटावर अकरा नावा होत्या. संध्याकाळी चौकातून कुटुंबं येत, नवी लग्नं झालेली जोडपी फोटो काढायला येत, कुणी दिवे सोडायला येत, कुणी अस्थी घेऊन येत. लोक पायऱ्या उतरत आणि समोर जी नाव असेल तिच्यात बसत. म्हणून सगळा धंदा त्या पायऱ्यांचा होता. नाव कुणाचीही असो, पायऱ्यांपासून दीडशे पावलं लांब असेल तर तिच्यात कुणी बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो काठ एका खासगी कंपनीला चालवायला दिला गेला. दिवे लागले, बाकं आली आणि पाण्यात तरंगती जेटी होणार असं कळलं. यापुढे नाव बांधायची तर जेटीवर जागा भाड्याने घ्यायची आणि करार करायचा. करार नाही तर नाव काठाला लावायची नाही. नावाड्यांच्या हातात एकोणीस पानांचा इंग्रजी कागद आला आणि सह्या करायला आठ दिवस मिळाले. बैजनाथने तो कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आणला. मी वाचायला घेतला, तिसऱ्या पानावर डोकं दुखायला लागलं, आणि मी त्याला घेऊन सरळ मधुसूदनरावांकडे गेले.

तीन दिवस त्यांच्या जेवणाच्या टेबलावर दुसरं काही नव्हतं. वहिनींनी ताटं गॅलरीत नेली. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि बैजनाथला एकेक कलम हिंदीत समजावून सांगितलं. कंपनीला भाडं हवं तेव्हा वाढवता येईल. कंपनीच्या मोटरबोटीने धडक देऊन नाव फोडली तरी जबाबदारी नावाड्याची. भाडं सात दिवस थकलं तर नाव जप्त करून विकता येईल. कंपनी सांगेल त्याच्याकडूनच विमा घ्यायचा. नावाड्याने तीन वर्षांच्या आत जागा सोडली तर उरलेल्या मुदतीचं भाडं भरायचं, पण कंपनीने मात्र कुणालाही महिन्याभराच्या सूचनेवर काढून टाकायचं. आणि कलम चार: नाव कुठल्या जागेवर बांधायची ते कंपनी ठरवेल आणि मनात येईल तेव्हा बदलेल.

बैजनाथने सगळं मान खाली घालून ऐकलं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "बाबूजी, हमारी सीढ़ी रहेगी?"

मधुसूदनराव म्हणाले, सगळ्यात आधी तेच बघू. आणि ते अगदी मनापासून म्हणाले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या बँकेतल्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

कंपनीचं ऑफिस घाटावरच एका पत्र्याच्या खोलीत होतं, आत एसी. व्यवस्थापक होत्या ऋचा माथुर, पस्तिशीच्या, लखनौच्याच. या शहरात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. आधी पाणी, मग चहा, मग घरच्यांची चौकशी, आणि त्यानंतर कामाचं बोलणं, तेही इतकं मऊ की आपण काही मागतोय याची आपल्यालाच लाज वाटावी. पण मधुसूदनरावांनी उभं आयुष्य या मऊपणात काढलं होतं. ते त्याहून मऊ बोलले. तीन बैठका झाल्या, तिन्हींना मी हजर होते, आणि खरंच सांगते, मी तोंडात बोट घातलं. विमा गेला. जप्तीच्या सात दिवसांचे साठ झाले, तेही लेखी नोटिशीनंतर. धडकेचं नुकसान ज्याची चूक त्याने भरायचं ठरलं. भाडं वर्षातून एकदाच आणि ठरावीक टक्क्यांनीच वाढणार. तीन वर्षांची अट दोन्ही बाजूंना सारखी लागू झाली. नावाड्याने करार मोडायचा नाही, तर कंपनीनेही मोडायचा नाही.

कलम चारवर ऋचाजी थांबल्या. बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलल्या. परत येऊन म्हणाल्या, "आप ही लिख दीजिए, सर, जैसा आपको ठीक लगे."

मधुसूदनरावांनी तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलं: परिशिष्ट 'अ' मध्ये नमूद केलेली जागा कराराच्या तीन वर्षांत उभय पक्षांच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही कारणाने बदलता येणार नाही. मला वाचून दाखवताना ते 'कोणत्याही कारणाने' वर थोडे थांबले. परतताना त्यांनी रिक्षावाल्याला कपूरथला चौकात थांबवून जिलबी घेतली. वहिनींना सांगितलं की आज कंपनीची नांगी ठेचली. आम्ही तिघांनी जिलबी खाल्ली आणि मी त्यांना माझ्या नवऱ्याची शप्पथ घेऊन म्हटलं की तुमच्यासारखा माणूस या शहरात दुसरा नाही.

सह्यांचा दिवस रविवार होता. घाटावर सतरंजी अंथरली होती आणि अकरा नावाडी धुतलेले शर्ट घालून बसले होते. मधुसूदनराव सकाळी लवकर जाऊन अकराही प्रतींवर पेन्सिलीने फुल्या मारून आले होते. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. ते प्रत्येकाजवळ बसत, पान उलटत, फुलीवर बोट ठेवत. मी बघत होते. हात इतका सवयीने चालत होता की मला वाटलं, बँकेत हे असेच बसत असतील.

बैजनाथला सही येते. शेवटच्या पानावर तो थांबला. वर 'परिशिष्ट अ' लिहिलं होतं, खाली जागेचा क्रमांक लिहायची रेघ, आणि रेघेवर काही नव्हतं.

"बाबूजी, ई ख़ाली काहे छूटा है?"

ऋचाजी बाजूलाच होत्या. त्यांनी सांगितलं की जेटी अजून पुरी झालेली नाही, क्रमांक रंगवायचे आहेत, पडले की लगेच लिहू. मग त्या मधुसूदनरावांकडे बघून म्हणाल्या, सर तर बँकेतले आहेत, त्यांना सगळं माहीत आहे.

मधुसूदनरावांनी मान डोलावली आणि बैजनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "वो दफ़्तर भर लेगा," ते म्हणाले.

बैजनाथने सही केली. ज्या माणसाने एकोणीस पानांतला एकही स्वल्पविराम सोडला नव्हता त्याला त्या कोऱ्या रेघेत काही खटकलं नाही. कोरी रेघ त्याच्यासाठी कागदाचा भागच होती. तीस-पस्तीस वर्षं तो टेबलाच्या ज्या बाजूला बसला, त्या बाजूने कोरी रेघ कधीच धोक्याची दिसत नाही. ती समोर बसलेल्याला धोक्याची असते, आणि त्या रविवारी तो समोर बसलेल्यांचा माणूस होता. हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आणि माझ्याही. प्रत्येक प्रतीखाली साक्षीदारांसाठी एक ओळ होती: सर्व रकाने भरलेले असताना हा करार आमच्यासमोर वाचून व समजावून देण्यात आला. त्याखाली पहिली सही मधुसूदनरावांची, दुसरी माझी. ती ओळ मी वाचली होती. वाचून मनात म्हटलं, आता एवढ्यासाठी कुठे अडवायचं. अकरा वेळा सही केली, आणि मग सगळ्यांबरोबर चहा घेतला.

तीन महिन्यांनी जेटीवर पांढऱ्या रंगात आकडे पडले. पायऱ्यांच्या समोर एकपासून चाळीसपर्यंत. तिथे कंपनीच्या मोटरबोटी आणि कापडी छताच्या सजवलेल्या होड्या आल्या. आमच्या अकरा जणांना एक्केचाळीस ते एक्कावन्न मिळाले. हे आकडे पंपिंग स्टेशनच्याही पलीकडे होते, जिथे शहराचा नाला नदीत पडतो. ती जागा मला नवी नव्हती. माझ्या कामातलं ते सर्वांत वाईट ठिकाण. तिथून भरलेल्या बाटलीत कित्येकदा शेवाळसुद्धा सापडायचं नाही. बैजनाथ मला तिथे न्यायचा तेव्हा आधी गमछा पाण्यात भिजवून नाकावर बांधायला सांगायचा. दिवे त्याच्या अलीकडेच संपत होते, आणि रस्ताही.

मधुसूदनराव, बैजनाथ आणि मी, असे आम्ही तिघं ऋचाजींकडे गेलो. पाणी आलं, चहा आला, वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग त्यांनी फाइल काढली आणि परिशिष्ट उघडून दाखवलं. रेघेवर निळ्या शाईत सुबक अक्षरात आकडा लिहिलेला होता. मधुसूदनराव म्हणाले, पायऱ्यांसमोरची जागा द्या, या लोकांशी तेच बोलणं झालं होतं. त्या म्हणाल्या, बोलण्याबद्दल त्यांना ठाऊक नाही, पण कलम चार सरांनीच लिहिलंय. त्यांनी ते वाचूनही दाखवलं, 'कोणत्याही कारणाने' सकट. जागा बदलायची तर उभय पक्षांची संमती हवी, आणि कंपनीची संमती होऊ शकत नाही, याबद्दल त्यांना फार वाईट वाटतं.

"वो कॉलम ख़ाली था, मैडम. आपके सामने ख़ाली था," मधुसूदनराव म्हणाले.

ऋचाजींनी पान उलटलं आणि साक्षीदारांच्या ओळीवर अलगद बोट ठेवलं. "सर, आपने ही तो लिखकर दिया है कि भरा हुआ था."

करार मोडून नावा दुसऱ्या घाटावर न्यायच्या म्हटलं तर उरलेल्या मुदतीचं भाडं भरायला लागणार. दोन्ही बाजूंना सारखं. बाकी सगळी कलमं कंपनीने आजपर्यंत अक्षरशः पाळली आहेत. जप्ती केली नाही, विमा मागितला नाही, भाडं ठरल्याप्रमाणेच वाढवलं. आम्ही मिळवलेलं सगळं आम्हाला मिळालं.

मग कैसरबागला वकिलाकडे गेलो. म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं वाचलं, कलमांची तारीफ केली, आणि सांगितलं की वाट एकच आहे. दोघा साक्षीदारांपैकी एकाने तरी प्रतिज्ञापत्र करायचं की सही झाली तेव्हा रकाना कोरा होता. तेवढ्यावर जागेच्या वाटपाला स्थगिती मागता येईल. अर्थात, मग आधी लिहून दिलेली ओळ खोटी होती असं त्याला म्हणावं लागेल, आणि समोरचा वकील उलटतपासणीत विचारेल की साहेब, बँकेत अशा किती कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. हे सांगताना ते हसले. मधुसूदनराव हसले नाहीत. बैजनाथ दाराशी उभा होता. त्याला अर्धं समजलं असावं. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मग पायांकडे.

परतताना ई-रिक्षात आम्ही दोघंच होतो. हजरतगंज ओलांडून निशातगंजच्या पुलावर आलो. तेव्हा मधुसूदनराव म्हणाले, "दीप्तीताई, मी हे लिहून दिलं, तर एक कागद खोटा होता एवढंच लिहून दिल्यासारखं होत नाही. चौतीस वर्षं लिहून दिल्यासारखं होतं."

मी भडकले. म्हटलं, तुमच्या चौतीस वर्षांचं त्या माणसाने काय करायचं? त्याच्या तीन पिढ्यांच्या पायऱ्या गेल्या आहेत. तुमची पेन्शन कुणी काढून घेणार नाही, फार तर मंडळातली खुर्ची जाईल. पुलाखालून पाणी जात होतं आणि ते तिकडे बघत होते. मी म्हटलं, तुम्हाला नसेल जमत तर मी लिहून देते, माझीही सही आहे. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "द्या ना."

घरी येऊन मी कागद घेतला. सुरुवात केली: मी, अमुक, वय, राहणार महानगर, प्रतिज्ञेवर सांगते. पुढे काय लिहायचं ते स्पष्ट होतं. मी सही केलेली ओळ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे सही करताना मला माहीत होतं.

आता इथे मी स्वतःला सोडणार नाही. माझ्या नोकरीत प्रत्येक नमुन्याच्या तक्त्याखाली एक ओळ असायची, की हे नमुने माझ्या प्रत्यक्ष उपस्थितीत गोळा केले. शेवटची सात-आठ वर्षं पाठ धरली होती. उन्हात नावेत बसवायचं नाही. विद्यार्थी जायचे, बैजनाथबरोबर, आणि मी संध्याकाळी तक्त्यांवर सह्या करायचे. त्या तक्त्यांवर माझे तीन निबंध उभे आहेत आणि एका विद्यार्थिनीची पदवी. बैजनाथला हे माझ्याइतकंच माहीत आहे, कारण नावेत मी नसायचे आणि तो असायचा. हे कोर्टात कुणी विचारणार नव्हतं. तरी मला ते दिसायला लागलं. एकदा मी लिहून दिलं की मी खोट्या ओळीखाली सही करते, की ते वाक्य त्या एका करारापुरतं राहणार नव्हतं.

मी तो कागद उद्या पुरा करू म्हणून ठेवला. उद्या गुडघा दुखला. परवा मंडळाचा कार्यक्रम होता. मधल्या काळात मी मधुसूदनरावांवर रोज चिडत होते, की पहिली सही त्यांची आहे, कागदांचा माणूस ते आहेत, त्यांनी आधी लिहावं, मग मी आहेच पाठीशी. ते बहुधा माझ्याबद्दल असंच म्हणत असावेत. आम्ही एकमेकांकडे चहाला जायचं टाळू लागलो. वकिलाचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी सांगितलं की खरवंडीकर साहेबांशी बोलते.

सहा आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास बैजनाथ आला. आधी तो मधुसूदनरावांकडे गेला आणि तिथून मला बोलावणं आलं. दिवाणखान्यात तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. वहिनींनी चहा आणि शंकरपाळे ठेवले होते, त्याने हात लावला नव्हता. त्याच्या अंगाला तो नाल्याचा वास होता. मला तो ओळखू आला आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. गिऱ्हाईक येत नाही, त्याने सांगितलं. दिवसाला एखादं. अस्थी घेऊन येणारे तर तो वास आला की परत फिरतात. दोघा नावाड्यांनी नावा उलट्या करून ठेवल्या आहेत आणि ते कंपनीच्या मोटरबोटीवर कामाला लागले आहेत. तोही विचारायला गेला होता, पण त्याचं वय झालंय म्हणाले.

हे सगळं त्याने तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. मग तो ज्यासाठी आला होता ते बोलला.

"बाबूजी, दीदी, वकील साहब कहत रहे कि आप लोगन को कचहरी में खड़ा होके अपने ही लिखे को झूठ कहना पड़ेगा. हमसे ई नहीं देखा जाई. आप लोग हमरे लिए इतना दौड़े. हम मुक़दमा नहीं करेंगे. बाक़ी दस जनों को भी समझा दिया है."

मधुसूदनराव टेबलाकडे बघत होते. मला ठाऊक होतं की आता एक वाक्य बोलायचंय, आणि ते फार छोटं आहे. थांब बैजनाथ, आम्ही लिहून देतो. ते कुणीही म्हटलं असतं तरी दुसऱ्याला म्हणावंच लागलं असतं. मी मधुसूदनरावांची वाट पाहत होते. ते माझी पाहत होते. वहिनी दारात उभ्या होत्या आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

वहिनी म्हणाल्या, "अहो, काहीतरी बोला." त्या मराठीत बोलल्या, त्यामुळे बैजनाथला ते कळलं नाही.

मधुसूदनरावांनी शंकरपाळ्यांची बशी उचलून बैजनाथपुढे केली. म्हणाले, "कुछ लीजिए, बैजनाथजी." इतक्या वर्षांत त्यांनी त्याला 'जी' कधी म्हटलं नव्हतं. बैजनाथने एक शंकरपाळा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मग चहा एका घोटात संपवून तो उठला. आम्ही दोघं त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो, जसं मोठ्या पाहुण्याला पोचवतात. त्याने दोघांना हात जोडले आणि तो कोपऱ्यावरून वळून गेला.

मला हायसं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. शेजारी मधुसूदनरावांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला, आणि मग आम्ही कितीतरी आठवड्यांनी पुन्हा एकत्र चहा प्यायला आत गेलो.